मुदत

कोलेकल्याणच्या चर्चमधून चिठ्ठी आली.
दोन वर्षं भरली, कबर मोकळी करून द्यावी.
खाली कारकुनाची सही आणि वेळ: शनिवार, सकाळी सात,
ऊन चढायच्या आत.

पापा, जागा सोडायची सवय आहे तुम्हाला.
आजोबांचं भात जिथे पोटरीत यायचं
तिथे विमानं उतरतात.
त्याच जमिनीवर तीस वर्षं
तुम्ही लोकांच्या बॅगा चढवल्यात
आणि एकदाही म्हणाला नाहीत, ही आमची.
म्हणायचात, भाडेकरू आहोत गं फिलू,
मालक चांगला आहे, एवढं बघ.

मला राग यायचा.
मालक चांगला, तर मग आईला बेचाळिसाव्या वर्षी
घर रिकामं कर का म्हणाला?
विचारलं की तुम्ही चहा बशीत ओतायचात.

खणणारा वेळेवर आला. मुरबाडकडचा. नाव येसाजी,
सगळे हाक मारतात येसू.
"येसू, जरा डावीकडून घे," फादर म्हणाले
आणि मला हसू फुटलं, त्या जागी.
रुमाल तोंडाला लावला. नताल काकाला वाटलं, रडतेय.
मग खरंच.

मरिया त्या पहाटे त्याला माळी समजली होती.
मी उलटी चूक करायच्या बेतात होते.

त्याने चपला काढल्या आणि मगच खाली उतरला.
माती बाजूला, फळीचे तुकडे बाजूला,
रोझरीची तार, मणी नाहीत.
आणि मोजे. नायलॉनचे, कुर्ला स्टेशनबाहेर घेतलेले,
दोन जोड्या ऐंशीला.
बाकी सगळं गेलं आणि ते जसेच्या तसे,
आत बोटांची हाडं, खडे भरल्यासारखी.
येसूने मोजा उलटा करून ती ओंजळीत घेतली,
तांब्यातलं पाणी घातलं,
एकेक धुतलं, जणू दुखेल.

"देहाच्या..." फादरांनी सुरुवात केली
आणि डोक्यावरून विमान गेलं.
कलिन्यात हे रोजचंच. फादर थांबतात,
वाक्य जिथे ठेवलं तिथून उचलतात.
मी दर रविवारी ते वाक्य म्हणते
मागच्या बाकावर, घड्याळाकडे बघत.
आज पहिल्यांदा विचारलं: कुठला देह?
हर्नियाच्या पट्ट्यासकटचा?
की त्याआधीचा, मला खांद्यावर घेऊन
खुरीसाजवळच्या विहिरीपर्यंत धावणारा?
उत्तर आलं नाही.
पण प्रश्न खोटा वाटला नाही, एवढं खरं.

पिशवी हातात दिली.
माझा हात म्हणजे काटा, बावीस वर्षं चेक-इनला बसते.
पाच किलो. किंचित खालीच.
केबिनमध्ये सात चालतात, पापा.
दोन किलो शिल्लक ठेवलेत तुम्ही.

भिंतीतला कोनाडा, नंबर एकशे चौदा.
त्याचीही मुदत आहे. मी विचारून घेतलं.

दुपारी ड्युटी होती.
दम्मामला निघालेला एक पोरगा, पहिलीच खेप,
काट्यावर बत्तीस.
बॅग उघडून तो जमिनीवर बसला,
गोधडी काढली, परत ठेवली,
लोणच्याची बरणी काढली, वास घेतला, परत ठेवली.
एरवी मी आकड्याकडे बघते.
आज त्याच्या हातांकडे बघितलं, नखांत माती होती.
मी काय केलं ते लिहीत नाही, नोकरी आहे.

टॅग लावला. पट्टा सरकला.
बॅग रबराच्या झालरीआड गेली
आणि तो मान वाकडी करून बघत राहिला, गेली कुठे.
"मिळेल ना, मॅडम?"

पलीकडे उचलायला कुणीतरी उभं असतं.
मला लहानपणापासून माहीत आहे.